व्यवहारदृष्टी : गाडीची दर्शनी काच

व्यापारी घरात कागदपत्रांची शिस्त असते. विम्याची मुदत केव्हा संपते, पीयूसी केव्हा काढावयाचे, टायर किती किलोमीटर चालले, यांच्या नोंदी रोजकीर्दीइतक्याच काळजीने ठेवणारी कुटुंबे आजही पुष्कळ आहेत. मात्र गाडीच्या समोरच्या काचेचे नाव अशा नोंदवहीत सहसा आढळत नाही. तिच्यातून सगळे पाहतात, तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिला तडा गेला म्हणजे मग एकाच दिवसात अनेक निर्णय अंगावर येतात. दुरुस्त करावी की बदलावी, गाडीच्या कंपनीची घ्यावी की बाजारातली, विम्याकडे जावे की खिशातून द्यावे, आणि गाडी रस्त्यावर केव्हा काढावी. यांपैकी निदान दोन निर्णयांचा संबंध पैशापेक्षा आत बसलेल्या माणसांच्या जिवाशी असतो. आणि घाईत नेमके तेच दोन किमतीच्या हिशेबात उरकले जातात.

प्रथम काचेची जात समजून घेतली पाहिजे. मोटारीत साधारणतः दोन प्रकारच्या काचा असतात. दारांच्या आणि बहुतेक गाड्यांत मागची काच ही ‘टफन’ काच असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड करतात. फुटली की तिचे बोथट कडांचे बारीक खडे होतात आणि मोठ्या सुऱ्यासारखे तुकडे अंगात घुसत नाहीत. समोरची काच मात्र अशी चालत नाही, कारण फुटताच डोळ्यांसमोर खड्यांचा पडदा तयार होऊन क्षणात रस्ता दिसेनासा होईल. म्हणून समोर ‘लॅमिनेटेड’ काच बसवतात. ती एक काच नसून दोन असतात. सुमारे दोन-दोन मिलिमीटर जाडीच्या दोन वक्र काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिराल, म्हणजे पीव्हीबी, या चिवट पदार्थाचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा ठेवून उष्णतेने व दाबाने तिन्ही एकजीव केलेले असतात. दगड लागला तर बहुधा बाहेरची काच तडकते. आतली शाबूत राहते. मोठा आघात झाला तर दोन्ही तडकतात, परंतु तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहतात.

या काचेचा शोध एका पडलेल्या चंबूमुळे लागला असे सांगतात. फ्रान्समधील रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत 1903 मध्ये काचेचा एक चंबू खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. त्यात पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेट वाळून आतून त्याचा पातळ थर बसला होता. पुढे मोटार-अपघातात काचांनी जखमी झालेल्या स्त्रियांचे वृत्त त्यांच्या कानी आले आणि 1909 मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट मागितले. पहिल्या महायुद्धात अशी काच वायुमुखवट्यांच्या डोळ्यांना लावली गेली. सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडत असे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पीव्हीबी आले आणि ती अडचण दूर झाली. आपल्याकडे काचेच्या उद्योगाची आठवण काढायची तर तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याची काढावी लागते. लोकांनी पैसा-पैसा जमवून 1908 मध्ये उभा केलेला तो कारखाना होता. आज चाकणला मोटारींच्या काचा तयार होतात. मधल्या शतकाचा इतिहास मोठा आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 अन्वये मोटारीची समोरची काच लॅमिनेटेड सुरक्षा-काच असणे बंधनकारक आहे, आणि तिच्यातून निदान 70 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. नियमाचे शब्द केवळ काच बसवण्यापुरते नाहीत. ती तशा स्थितीत राखली पाहिजे असेही त्यात म्हटले आहे. वर्षानुवर्षे वायपरने घासून धुरकट झालेल्या काचेचे मालक ही ओळ वाचत नाहीत. काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दिलेला निकाल मात्र सर्वांना पाठ असतो, कारण त्यात पोलिसांचा दंड होता.

आता एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. सांगलीच्या हळद बाजारात अडत दुकान, दोन मुलगे, एक सात आसनी मोटार, माल पोचवण्याचा एक टेम्पो, आणि अकरा वर्षे घरी असलेला चालक. पुण्याहून परतताना कराडच्या अलीकडे, जेथे महामार्गाच्या सहापदरीकरणासाठी खडीचे डंपर धावतात, तेथे एका डंपरमागून दगड उडाला. काचेवर मूगडाळीएवढी खूण उमटली. चालकाने घरी येताच सांगितले, धाकट्या मुलाने बोट फिरवून पाहिले, “आतून हाताला काही लागत नाही, राहू दे,” म्हणाला आणि विषय संपला.

तो विषय त्या दिवशी खरोखरच अल्प खर्चात संपला असता. अशी खूण ताजी असेल, नाण्यापेक्षा लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर ती भरता येते. कारागीर खुणेवर एक लहान यंत्र चिकटवतो, निर्वात करून आतली हवा व ओलावा ओढून घेतो आणि काचेसारखाच प्रकाश वाकवणारे पातळ राळेचे द्रव्य दाबाने आत सोडतो. अतिनील दिव्याखाली ते काही मिनिटांत घट्ट होते. डाग अगदी नाहीसा होत नाही, पुसट होतो. परंतु तडा पुढे धावण्याचे थांबते. नव्या काचेच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो. शिवाय मूळ काच, कारखान्यात बसवलेली, जागची हलत नाही. हा लाभ पैशांत मोजता येत नाही. अट एकच, की खुणेत धूळ, साबणाचे पाणी किंवा पॉलिश शिरण्यापूर्वी काम झाले पाहिजे. दुकानापर्यंत जाईतो खुणेवर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवणे एवढे तरी कोणालाही करता येते.

या कुटुंबाने ते केले नाही. तीन आठवड्यांनी, होळीनंतरच्या उन्हात दुपारभर उभी असलेली गाडी सुरू करून कोणी तरी वातानुकूलन यंत्र एकदम पूर्ण जोरात काचेकडे सोडले. बाहेरून तापलेली आणि आतून गार पडलेली काच त्या मूगडाळीपाशी ताणली गेली आणि तडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला. थंड पाण्याची बादली तापलेल्या काचेवर ओतल्यानेही असेच घडते. आता भरण्याचा प्रश्न उरला नाही. काच बदलावयाची होती. आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे घरातील वडीलधाऱ्या अण्णांना पुण्याला डॉक्टरांकडे न्यावयाचे होते.

काच बदलणे म्हणजे चौकटीत एक तावदान बसवणे, असा सर्वसाधारण समज आहे आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो फारसा चुकीचा नव्हता. अँबॅसडर, जुन्या जीपगाड्या, आजचेही कित्येक ट्रक आणि टेम्पो यांची काच रबराच्या पन्हळीत बसते. पन्हळीत दोरी घालून, ती आतून ओढत ओढत रबराची कड पत्र्यावर चढवली की काम झाले; सरावलेला मिस्त्री रस्त्याच्या कडेलाही ते करतो. आजच्या मोटारीची काच मात्र पत्र्याला चिकटवलेली असते. ती गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. गाडी उलटली तर टप तोलून धरण्यात तिचा वाटा असतो. पुढे बसलेल्या प्रवाशाची एअरबॅग अनेक गाड्यांत वरच्या दिशेने उघडून प्रथम या काचेवर आदळते आणि तिचा आधार घेऊन माणसाकडे वळते. एअरबॅग उघडण्यास सेकंदाचा अल्पसा अंश लागतो. तेवढ्या वेळात काच जागची सुटली तर ती पिशवी प्रवाशाऐवजी बाहेर फुगते. भारतात नव्या प्रकारच्या मोटारींना पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग एप्रिल 2021 पासून सक्तीची झाली. म्हणजे गाडी जितकी नवी, तितकी ही काच चांगल्या हाताने चिकटवली जाण्याची गरज अधिक.

चिकटवण्याचे द्रव्य पॉलियुरेथेन जातीचे असते. कारागीर त्याला ‘पीयू’ म्हणतात. ते हवेतील दमटपणा शोषून घट्ट होत जाते. म्हणून कोरड्या थंडीत त्याला वेळ अधिक लागतो. पावसाळ्यात ते लवकर धरते, परंतु पत्र्यावर किंवा काचेवर पाण्याचा थेंब राहिला असेल तर पकडच बसत नाही. चांगला कारागीर जुनी काच पोलादी तारेने किंवा खास पात्याने कापून काढताना चौकटीवरचा जुना पीयू पूर्ण खरवडत नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर तसाच ठेवतो, कारण कारखान्यात रंगावर बसलेला तो थर नव्या थराला उत्तम धरतो. तार ओढताना पत्र्यावर ओरखडा गेला तर तेथे प्रायमर लावल्यावाचून पुढे जात नाही. नाही तर त्या ओरखड्यातून गंज सुरू होतो आणि दोन पावसाळ्यांनंतर डॅशबोर्डखाली पाणी गळू लागते. काचेच्या कडेला जो काळा पट्टा असतो तो शोभेचा नाही. खालच्या पीयूला उन्हापासून वाचवण्यासाठी तो काचेवर भाजून बसवलेला असतो. नवी काच त्या पट्ट्याजवळ उघड्या हाताने धरली तर तळहाताचे तेल लागते आणि तेवढ्या जागी चिकटपणा कमी होतो. हातमोजे आणि रबरी कप यांशिवाय काच उचलणारा कारागीर कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडून काम करून घेऊ नये. हे सर्व ग्राहकाला पाच मिनिटे उभे राहिले की डोळ्यांनी दिसते, त्यासाठी अभियंता असावे लागत नाही.

एक प्रश्न मात्र तोंडाने विचारावा लागतो. पीयूची नळी कोणत्या तारखेपर्यंत वापरायची आहे आणि काच बसवल्यानंतर गाडी किती वेळाने चालवता येईल? हा वेळ प्रत्येक पीयूच्या वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. काहींचा तासाभराचा, काहींचा बऱ्याच तासांचा. ‘लगेच न्या, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले तर ते उत्तर चुकीचे आहे.

सांगलीतील त्या कुटुंबाची गाडी दुपारी चारला दुकानात गेली. काच सायंकाळी साडेसहाला बसली. धाकटा मुलगा सात वाजता किल्ली मागावयास आला.

“शेठ, सकाळी न्या,” मिस्त्री म्हणाला. “आज रात्री दार जोरात लागलं तरी आतली हवा काच बाहेर ढकलते.”

“पहाटे पाचला अण्णांना घेऊन निघायचंय. पैसे दिलेत ना पूर्ण?”

“पैसे पोचले. पण किल्ली रात्री अकराच्या आत देणार नाही. माझ्या पीयूला चार तास लागतात, त्यात हवा कोरडी. गाडी तुमची आहे, पण आज रात्रीपुरती ही काच माझी आहे.”

मुलाने घरी जाऊन तक्रार केली. अण्णांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्याला जास्त वेळ गाडी ठेवून घेऊन काही मिळतं का?” मिळत नव्हते. उलट त्याला दुकान अकरापर्यंत उघडे ठेवावे लागले. गाडी रात्री सव्वा अकराला आली. खिडक्या बोटभर उघड्या, काचेच्या कडांना कागदी पट्ट्या चिकटवलेल्या, आणि दोन दिवस धुवू नये अशी ताकीद. किंमत आधी ठरली असता कारागिराने स्वतःचे तास खर्च करून ग्राहकाला थांबवावे, ही गोष्ट बाजारात रोज दिसत नाही. दिसली तर त्या दुकानाचा पत्ता वहीत टिपून ठेवावा.

काच कोणती घ्यावी, याचे उत्तर ‘कंपनीची’ एवढ्यात संपत नाही. गाडी बनवणारी कंपनी स्वतः काच बनवत नाही. काचेचे कारखाने निराळे आहेत आणि तेच कारखाने गाडीच्या कंपनीच्या चिन्हाशिवायही काच विकतात. पाहावयाचे ते काचेच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरांचे चौकोनी चिन्ह. त्यात उत्पादकाचे नाव, भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह व आयएस 2553 हा क्रमांक, आणि लॅमिनेटेड असल्याचा उल्लेख असावा. नाव नसलेली स्वस्त काच घेतल्यास पहिला त्रास रात्री होतो. वक्रता बरोबर नसलेल्या काचेतून समोरच्या गाडीचा दिवा दोन ठिकाणी दिसतो आणि चालकाचे डोळे तासाभरात शिणतात. जुने वायपर नव्या काचेवर ठेवणे हीही अशीच काटकसर. रबराच्या खाचेत अडकलेला एक कण पहिल्याच पावसात नव्या काचेवर कमान कोरतो.

नव्या पिढीच्या गाड्यांत आणखी एक भर पडली आहे. आरशामागे काचेला लागून कॅमेरा असतो. तो रस्त्याच्या पट्ट्या ओळखतो, पुढची गाडी जवळ आली तर स्वतः ब्रेक लावतो. काच बदलली की त्या कॅमेऱ्याची नजर पुन्हा मोजून बसवावी लागते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते न करता गाडी चालते, दिवे लागतात, सर्व ठीक दिसते. परंतु कॅमेरा किंचित तिरका असला तर दूरवर तो चुकीच्या जागी पाहत असतो. अशा गाडीचे काम करणाऱ्या दुकानाकडे ते साधन आहे का, हे काच काढण्यापूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

आता विम्याकडे वळू, कारण येथेच व्यापारी घरांचा हिशेब बहुधा अर्धाच होतो. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर काचेचा एक पैसाही मिळत नाही, हे उघड आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत मात्र काचेला एक सवलत आहे. रबर, प्लास्टिक, बॅटरी यांवर 50 टक्के घसारा कापला जातो. काचेच्या भागांवर तो शून्य असतो. त्यामुळे ‘विमा आहेच, दावा टाका’ असा सल्ला सगळे देतात. त्या सल्ल्यात नो क्लेम बोनस धरलेला नसतो.

एका काल्पनिक आकड्याने हे पाहू. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा हप्ता, बोनस वजा करण्यापूर्वी, वर्षाला 12,000 रुपये आहे आणि सोयीसाठी तो दरवर्षी तेवढाच राहतो असे धरू. पाच वर्षे दावा न केल्यामुळे मालकाला 50 टक्के बोनस मिळत आहे, म्हणजे तो 6,000 भरतो. काचेचा एकूण खर्च 14,000 आला. गाडीचे इंजिन 1500 सीसीहून मोठे असल्यामुळे 2,000 रुपये मालकाने स्वतः सोसावयाचे. लहान इंजिनाला हीच रक्कम 1,000 असते. पीयू, कडेची पट्टी अशा गोष्टींचे समजा 1,500 मान्य झाले नाहीत. हाती आले 10,500. परंतु दाव्यामुळे बोनस शून्यावर येतो. पुढील नूतनीकरणाला 6,000 ऐवजी 12,000 भरावे लागतात. नंतर बोनस 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत पुन्हा 50 वर पोचतो आणि त्या वर्षांत अनुक्रमे 3,600, 3,000, 1,800 व 600 रुपये जास्त जातात. ही सर्व जादा रक्कम 15,000 होते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 17,700. दहा हजार पाचशे मिळवण्यासाठी सतरा हजार सातशे देण्याचा हा व्यवहार आहे. दुकानात कोणी असा सौदा आणला तर धाकटा मुलगाही त्याला दारातून परत पाठवील.

तथापि उलट बाजूही तितकीच खरी आहे. गाडी नवी असून बोनस अजून सुरूच झाला नसेल, तर याच पद्धतीने मोजल्यास एका दाव्याचा तोटा कराशिवाय 6,000 एवढाच भरतो. मग दावा करणे शहाणपणाचे. त्याच वर्षात आधीच एखादा दावा झाला असेल तर बोनस गेलेलाच आहे, काचेचे पैसे सोडण्यात अर्थ नाही. कॅमेरा असलेल्या गाडीची काच व कॅलिब्रेशन मिळून खर्च मोठा येत असेल तर बोनसचा विचारच करू नये. काही पॉलिसींत बोनस राखण्याचे जोड-संरक्षण घेतलेले असते, काहींत केवळ काचेच्या दाव्याने बोनस जात नाही. हे पॉलिसीच्या कागदावर लिहिलेले असते. एजंटाच्या तोंडी शब्दावर त्याचा निर्णय सोडू नये. आणि दावा करावयाचा ठरला तर विमा कंपनीला कळवून पाहणी होण्यापूर्वी जुनी काच काढू नये. काच निघाली की पुरावाही निघाला.

बिल पक्के घ्यावे, त्यावर काचेचा उत्पादक व गाडीचा क्रमांक लिहून घ्यावा. दुकानाच्या नावावर असलेल्या मालवाहू टेम्पोच्या काचेवरील जीएसटीची वजावट मिळू शकते. तेरा किंवा कमी आसनांच्या प्रवासी मोटारीच्या दुरुस्ती-सेवेवर ती सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही. दोन्ही बिले एकाच फायलीत ठेवून वर्षअखेरीस हिशेबनिसाला कोड्यात टाकणारी दुकाने कमी नाहीत.

फास्टॅगची गंमत पुष्कळांना पहिल्या टोलनाक्यावर कळते. तो टॅग काचेवरून सोलला की आतील तार तुटते आणि तो निकामी होतो. तसा तो मुद्दामच केलेला असतो, म्हणजे एकाचा टॅग दुसऱ्याने लावू नये. जुन्या काचेवरचा टॅग जपून काढून हातात धरून दाखवणे चालत नाही. महामार्ग प्राधिकरणाने असे सुटे टॅग काळ्या यादीत घालण्याचे ठरवले आहे. सांगलीहून पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे तीन नाके लागतात आणि वैध टॅग नसताना रोखीने पथकर भरला तर तो दुप्पट घेतात. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडेच बदली टॅग मागितला तर जुनी शिल्लक नव्या टॅगवर येते. दुसऱ्या बँकेचा नवा घ्यावयाचा तर आधी जुना बंद करावा लागतो, कारण एका वाहनाला एकच टॅग. काच बदलण्याच्या दिवशीच हा अर्ज करावा. त्या कुटुंबाने केला नव्हता. अण्णांच्या फेरीत जाताना तीन आणि येताना तीन, सहा वेळा दुप्पट भरले.

राहिला प्रश्न त्या चालकाचा. काचेचे 14,000 धाकट्या मुलाने त्याच्या खात्यावर लिहिले आणि दरमहा हजार कापण्याचे ठरवले. व्यापारी घरांत ही पद्धत जुनी आहे. फुटले ते ज्याच्या हातून फुटले त्याच्या नावे. परंतु कायद्याचे तत्त्व निराळे आहे. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमापासून असे सांगितले गेले आहे की नुकसानीची कपात तेव्हाच करता येते, जेव्हा ते नुकसान थेट नोकराच्या हयगयीमुळे झालेले असते. आणि त्यालाही आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. डंपरमागून उडालेला दगड ही हयगय नव्हे. येथे तर चालकाने त्याच दिवशी खूण दाखवली होती. तीन आठवड्यांचा विलंब मालकाच्या बाजूचा होता आणि वातानुकूलन यंत्र त्या दुपारी त्याने सुरू केलेले नव्हते.

पगाराच्या दिवशी हजार कमी आले तेव्हा चालक काही बोलला नाही. अण्णांना ते खातेवही चाळताना दिसले. त्यांनी मुलाला बोलावले.

“ही नोंद कशाची?”

“काचेची, अण्णा.”

“त्यानं सांगितलं होतं का तुला, खूण पडल्याचं?”

“सांगितलं होतं.”

“मग ही दुकानाच्या खर्चात घाल. आणि त्याचे हजार आजच दे, पुढच्या महिन्यात नको.”

मुलाने नोंद खोडली नाही. वहीत खोडण्याची त्या घराची रीत नाही. खाली उलट नोंद केली आणि हजार रुपये दिले. चालकाने पैसे घेतले आणि टेम्पोच्या काचेविषयी सांगितले. ती रबरात बसवलेली, बारा वर्षांची, रात्री समोरून दिवा आला की दुधासारखी पांढरी होणारी. ही गोष्ट त्याने आधी कधी काढली नव्हती. काच फुटली तर आपल्या नावे पडेल, तेव्हा आहे ती चालू द्यावी, असे त्याला वाटत होते. टेम्पोची काच त्याच आठवड्यात बदलली. मोटारीच्या मानाने फारच थोडा खर्च आला.